मी न बसलेल्या टांग्याचं भाडं

आधी माफी मागते. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालं, आणि त्यालाही आता पुष्कळ वर्षं लोटली. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही कळत नव्हतं. अक्षर तर असं, की ओळीवर सुरू होतं आणि शब्द संपेपर्यंत खालच्या ओळीवर जाऊन बसतं. मुलीच्या जुन्या वहीतली काही पानं कोरी राहिली होती, त्यांवर शिसपेन्सिलीनं लिहिते आहे. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

वाचणारं कोणी असेल की नाही, हेही ठाऊक नाही. यांच्या कचेरीतल्या एका गृहस्थांकडे बायकांचं मासिक येतं, त्यांचं वाचून झालं की ते आमच्याकडे येतं. त्यात वाचकांचे विलक्षण अनुभव छापतात — कुणाला पिंपळाखाली कोण दिसलं, कुणाच्या मेलेल्या सासूनं स्वप्नात येऊन दागिना कुठं पुरला आहे ते सांगितलं… ते वाचून मी हसत असे. आता मीच लिहायला बसले आहे. पाठवायचं धाडस बहुतेक होणार नाही.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. माझे वडील देवळात पूजेअर्चेला. नवरात्रात देवीपुढं बायकांच्या अंगात यायचं, केस मोकळे सोडून घुमायच्या, ते मी कळू लागल्यापासून पाहत आलेली. वडील म्हणत, “प्रसादाची पानं मांडू दे, बघ कसं सगळ्यांचं उतरतं.” आणि खरंच उतरायचं. अशा घरात वाढलेल्या मुलीला भूत कुठून दिसणार? मला दिसलंही नाही. मी स्वतः काहीच पाहिलं नाही. जे काही घडलं ते मी सोडून बाकीच्यांनी पाहिलं.

तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती आणि मुलगा दीड वर्षाचा. मुलीला सासूबाईंचं नाव ठेवलेलं, म्हणजे ते मी तोंडानं घ्यायचं नाही. घरात सगळे तिला ताई म्हणतात. हे करमाळ्याला मामलेदार कचेरीत कारकून आहेत. यांचे थोरले चुलतभाऊ सोलापुरात शाळामास्तर, शुक्रवार पेठेत राहतात. त्यांच्या मुलीचा साखरपुडा चैत्रात ठरला. यांना रजा मिळेना, म्हणून गावातल्या एका कुटुंबाच्या सोबतीनं मला आणि मुलांना पाठवलं. करमाळ्याहून सर्व्हिस मोटारीनं जेऊर, जेऊरहून आगगाडी. लग्न झाल्यापासून मी पहिल्यांदाच एवढ्या लांब निघाले होते. ताई गाडीच्या खिडकीला जी चिकटली ती सोलापूर स्टेशनपर्यंत हलली नाही. स्टेशनाबाहेर आल्यावर तिनं रस्ता पाहिला आणि मला विचारलं, “आई, इतकी सगळी माणसं जेवायला कुणाकडं जातात?”

साखरपुडा चांगला झाला. पण पंगतीत वाढताना माझा पदर दोनदा डोक्यावरून घसरला. यांचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे, डोक्याला लाल रुमाल बांधून समोरच बसले होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “करमाळ्यात वारा फार सुटलेला दिसतो. सुनांच्या डोक्यावर पदर ठरत नाही तिथं.” पंगत हसली. मी भाताचं भांडं तिथंच ठेवून आत गेले. एवढीशी गोष्ट, पण पुढं जे झालं ते तिच्यामुळं झालं, म्हणून लिहिली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी जाऊबाईंना विचारलं, मुलांना जरा शहर दाखवून आणू का. त्या सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, “तळ्यावर जा, देवाला हात जोड आणि सरळ परत ये. गिरणीच्या रस्त्यानं जाऊ नकोस. भोंगा झाला की तिथं मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. आणि दोन लेकरं आहेत तुझ्याजवळ.”

“ताईला धुराडं बघायचंय,” मी म्हणाले.

हे खोटं होतं. धुराडं मला बघायचं होतं. आदल्या दिवशी टांग्यातून ते लांबून दिसलं होतं, आभाळात घुसलेलं, आणि तेव्हापासून माझ्या मनात होतं की ते बुडापासून बघावं. मी मुलीचं नाव पुढं केलं. जाऊबाई म्हणाल्या, “पोरीला सांग, धुराडं काही पळून जात नाही. उद्या भाऊजींबरोबर जा.” मी मान डोलावली, तळ्यावर गेले, देवदर्शन केलं आणि परत येताना गिरणीच्या रस्त्याला वळले.

धुराडं पाहिलं. मान मागं टाकून तिघंही बघत होतो. आणि तेवढ्यात भोंगा झाला.

ज्यांनी तो जवळून ऐकला नाही त्यांना कसं सांगू… छातीतून आरपार गेला. बाळ किंचाळलं. फाटक उघडलं आणि माणसं सुटली. माणसं, बाया, पोरं, डब्यांचा खडखडाट, अंगावर कापसाचा भुगा, कोणी तेलुगूत बोलतंय, कोणी मराठीत, कोणी मुसलमानीत. कोणी वाईट नव्हतं, सगळ्यांना फक्त घरी जायचं होतं. मी रस्त्याच्या कडेला होते ती बघता बघता मधोमध आले. उजव्या कडेवर बाळ, डाव्या हातात ताईचा हात. तिनंही माझी दोन बोटं घट्ट धरली होती. तिनंही धरली होती, हे मला स्वच्छ आठवतं.

धक्क्यात माझा पदर डोक्यावरून खाली आला. आणि समोर एका दुकानाच्या पायरीवर लाल रुमाल दिसला. मामेसासरे! माझ्याकडेच बघत होते.

मी हात सोडला.

डावा हात वर नेला आणि पदर डोक्यावर ओढला. तो खांद्यावरून अडकला होता, म्हणून जरा वेळ लागला. किती? पाच अंक मोजायला लागतात तेवढा. पदर नीट झाला, मी हात खाली घातला, आणि तिथं काही नव्हतं. समोर पाहिलं तर पायरीवरचा माणूस मामेसासरे नव्हतेच. कोणी दुसराच होता, रुमाल तेवढा लाल.

कोणतीही बाई अशा वेळी ओरडेल. मला ओरडता आलं नाही. भर रस्त्यात, परक्या गावात, एवढ्या पुरुषांत आवाज कसा काढायचा, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. मी नुसती इकडून तिकडं ढकलली जात राहिले. शेवटी एका कामकरी बाईनं माझा दंड धरला. कपाळावर मोठं कुंकू, केसांत कापूस. विणकरांपैकी असावी.

“काय झालं गं अक्का? का रडतीस?”

“मुलगी…”

“हरवली? मग वरड की! नाव काय तिचं?”

“ताई.”

तिनं मोठ्यानं हाक मारली, “ताई! ए ताई!” सहा-सात बाया वळून बघायला लागल्या. “अगं, इथं समद्याच ताई! शाळंतलं नाव सांग.”

“ते… सासूबाईंचं आहे.”

तिनं कपाळावर हात मारून घेतला. “अगं बया! पोरगी गेली आन् हिला सासू आठवती!” पण मग स्वतःच कान पुढं केला. मी तिच्या कानात नाव सांगितलं, आणि माझ्या मुलीच्या नावानं त्या रस्त्यावर जी काही हाक गेली ती त्या बाईची. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

इथं एक गोष्ट लिहायला हवी. शोधत होते तेवढा सगळा वेळ माझा डावा तळवा गरम होता. मुलाचा हात धरल्यावर घाम येतो तसा ओला आणि गरम. मधे एकदा तर मला बोटं ओढल्यासारखं वाटलं आणि मी चटकन खाली पाहिलं. काही नव्हतं. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही. भीतीनं होत असेल म्हटलं. आजही तसंच म्हणायला तयार आहे.

गिरणीचा रस्ता रिकामा होईपर्यंत शोधलं. ती बाईही थांबली होती. शेवटी म्हणाली, “घरी जा, बाप्यास्नी पाठीव. चौकीवर सांगाय पायजे.” मी बाळाला घेऊन निघाले. दिवेलागण झाली होती. आळीत शिरले आणि पाहिलं — जाऊबाईंच्या ओट्यावर ताई बसली होती. पाय हलवत, हातात बत्तासा.

जाऊबाई धावत बाहेर आल्या. “अगं, होतीस कुठं तू? पोरगी तासाभरापासून एकटी आलीय घरी. विचारलं कोणी आणलं, तर म्हणते आईनं. आई कुठंय, तर म्हणते बाळाला आणायला गेली!”

ताई माझ्याकडं बघून म्हणाली, “आणलास बाळाला?” जसं काही आमचं तसं ठरलंच होतं.

मग भाऊजी आले, शेजारच्या बायका आल्या. भाऊजींनी विचारलं, “पण सुटली कशी ही?”

सगळे माझ्याकडं बघत होते. मामेसासरेही आतून येऊन दारात उभे राहिले, लाल रुमाल बांधलेले. माझा पदर या वेळी डोक्यावर होता.

मी म्हणाले, “तिनं हात सोडला.”

भाऊजी शाळामास्तर. मुलांना वळण लावणं त्यांचं कामच. त्यांनी ताईला ओट्यावरून उतरवलं, कान धरायला लावले आणि म्हणाले, “दहा उठाबशा. शहरात आईचा हात सोडायचा नाही, कळलं?” ताई म्हणाली, “मी नाही सोडला.” जाऊबाईंनी तिच्या गालावर एक ठेवून दिली. “चूक ती चूक, वर खोटं!” ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी बाळाचं अंगडं सारखं करत होते. तिनं दहा उठाबशा काढल्या. मोठ्यानं मोजून काढल्या, सातानंतर एकदम नऊ म्हणाली तेव्हा भाऊजींनी आठपासून पुन्हा मोजायला लावलं.

हे मी आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही. पेन्सिल थांबते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे ओट्यावर चहा पीत बसले होते, आम्ही बायका दाराआड. तेव्हा टांगा येऊन थांबला. पन्नाशीचा टांगेवाला, दाढी पिकलेली. लोक त्याला कासीमचाचा म्हणतात हे नंतर कळलं. त्यानं सलाम केला आणि म्हणाला, “मास्तर, कालचं भाडं ऱ्हायलंय की. चार आणं. आन् पोरगी रडत हुती म्हून म्या दूध पाजलं, बत्तासं दिलं, त्याचं दीड आणा. साडेपाच आणं झालं.”

“कुणी केला होता टांगा?” भाऊजींनी विचारलं.

“तुमच्यातल्याच बाईनं. त्या बघा, दाराआड, कालच्याच जांभळ्या लुगड्यातल्या.”

म्हणजे मी.

जाऊबाई हसल्या. “वा रे वा! पोरगी हरवली आणि सापडली ते गावभर झालेलं दिसतंय. अरे, ही बाई काल दिवेलागणीला पायी आली, रडत. अख्ख्या आळीनं पाहिलं.”

“ते मला ठाव न्हाई. गिरणी सुटली तवा ह्या पोरीला घिऊन टांग्यात बसल्या. भाडं घरी देते म्हणल्या. वाट बी त्यांनीच दावली, डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या. हितं उतरल्या. म्या म्हणलं आत्ता आणतील पैसं, आत्ता आणतील. घोडी तापली, दुसरं गिऱ्हाईक आलं, गेलो.”

ओट्यावरचा एक पाहुणा म्हणाला, “चाचा, सकाळी सकाळी ताडी?”

सगळे हसले. चाचा हसला नाही. “ताडीला हात लावत न्हाई मी. खोटं कशापायी बोलू? माज्या घरी बी लेकी हायत. मला चांगलं ध्यानात हाय, कारन बाईच्या डोईवर पदर न्हवता. भर रस्त्यात. म्या म्हणलं, चांगल्या घरची दिसती आन् हिला भान न्हाई. दोनी हातानं पोरीला अशी आवळून धरली हुती. बाळबिळ काय न्हवतं कडंवर.”

दाराआड मी पदर पुढं ओढला.

“बाईस्नीच इचारा की,” तो म्हणाला.

भाऊजींनी माझ्याकडं न बघता विचारलं, “काय गं? बसली होतीस टांग्यात?”

“नाही,” मी म्हणाले. ते खरंच होतं ना! मी बसलेच नव्हते. पण मला हेही कळत होतं की तो माणूस खोटं बोलत नाही. माझ्या कनवटीला यांनी दिलेले दोन रुपये होते. साडेपाच आणे देऊन टाकले असते तर… पण दिले असते तर विचारलं असतं, का दिलेस. आणि मग पदराचं निघालं असतं.

भाऊजी म्हणाले, “ऐकलंस? आता चालता हो. पोरगी तुला सापडली असेल, आणून सोडलीस, उपकार झाले. तसं सांगून मागितलं असतंस तर दिलेही असते. बाईमाणसावर आळ घेऊन मागतोस होय?”

चाचानं लगाम हातात घेतला. मग म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मग. पोरगी घरला आली, बास झालं.” तो टांग्यात चढत होता तेव्हा ताई आतून पळत आली आणि तिनं घोडीला हाक मारली, “हिरे!” घोडीनं कान हलवले.

जाऊबाई म्हणाल्या, “बघा, म्हणजे यानंच आणलंय पोरीला.” सगळ्यांना ते पटलं. मीही पटवून घ्यायचा खूप प्रयत्न केला. पण पाच वर्षांची करमाळ्याची पोर, तिला काकूचं घर एवढंच ठाऊक. पेठेचं नाव, आळी, काही सांगता येत नव्हतं तिला. शुक्रवार पेठेतल्या इतक्या आळ्यांतून याच दाराशी टांगा कसा थांबला? भाऊजी म्हणाले विचारत विचारत आला असेल. असेल.

करमाळ्याला परत आल्यावर यांनाही मी तेच सांगितलं, तिनं हात सोडला. ताई तिथंच दोरीवर उड्या मारत होती. तिनं उड्या थांबवल्या नाहीत. एकदा मात्र मी तिला एकटीला विचारलं, “त्या दिवशी टांग्यात कोण होतं गं?” ती म्हणाली, “तू.” “मी कशी असेन? मी तर तुला शोधत होते.” तिनं थोडा विचार केला. “तीपण तूच होतीस. तू मला मांडीवर घेतलंस आणि सारखी म्हणत होतीस, सोडलं नाही गं, सोडलं नाही.” मला तिला आणखी काही विचारायचा धीर झाला नाही.

दोन वर्षं गेली. ताई सात वर्षांची झाली. देवीच्या जत्रेला निघालो होतो, बाळ यांच्या खांद्यावर, मी आणि ताई मागं. वेशीबाहेर गर्दी लागली तशी मी तिचा हात धरायला हात पुढं केला. ती थांबली. माझ्याकडं वर बघून अगदी साधेपणानं म्हणाली, “आई, आधी पदर नीट घे. मग धर.”

रागानं नाही, टोमणाही नाही. चूल पेटवण्याआधी राख काढतात, तसं. तिला ठाऊक होतं! पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दहा उठाबशा काढताना ठाऊक होतं. आणि दोन वर्षं ती प्रत्येक वेळी माझा पदर बघून मग हात देत होती, मला कळलं नव्हतं एवढंच.

त्या दिवशी घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं. यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मामांच्या रुमालापायी पोरगी घालवली असतीस की.” मी रडले. मग हे म्हणाले, “पुढच्या महिन्यात कचेरीच्या कामाला सोलापूरला जातोय, त्या टांगेवाल्याला बघतो.” आणि खरंच शोधून काढलं. परत आल्यावर सांगितलं, “चार आणे दिले त्याला. तो दुधाचा दीड आणाही सांगत होता. मी म्हटलं, लेकराला दूध पाजलं त्याचे काय पैसे घ्यायचे, चाचा! गप्प बसला.”

मला रात्रंदिवस तो दीड आणा दिसायला लागला. भाडं कोणीही देईल. दूध त्यानं माझी पोर रडत होती म्हणून पाजलं होतं, आणि त्याच्या बदल्यात माझ्यामुळं चारचौघांत ताडीबाज ठरला होता.

पुतणीचं लग्न होऊन तिला मुलगा झाला, त्याच्या बारशाला गेल्या मार्गशीर्षात पुन्हा सोलापूरला गेले. या वेळी स्टेशनाबाहेर मी स्वतः तोंड उघडलं. टांगेवाल्यांच्या अड्ड्याजवळ जाऊन विचारलं, “कासीमचाचा कोण?” आवाज फाटला माझा, पण निघाला. एकानं बोट दाखवलं. चाचा आणखी म्हातारा दिसत होता. हिरा तीच होती, ताईनं ओळखली.

मी मुलांना घेऊन टांग्यात बसले. शुक्रवार पेठ म्हटलं. निम्म्या वाटेत तो मागं वळून माझ्याकडं नीट बघायला लागला.

“बाई, तुमी त्याच न्हवं? मास्तरांच्या घरच्या?”

“हो. मागं तुम्ही माझ्या मुलीला आणलंत.”

“म्या कुटं आनलं? तुमीच आनलं की.”

“चाचा, मी नव्हते.”

त्यानं घोडी हळू केली. “आसं बगा, त्या दिवशी तुमी नाई म्हणलात तवा मला लई वाईट वाटलं हुतं. पर आज तुमचा आवाज ऐकला आन् आता मलाच कळंना. त्यांचा आवाज बी ह्योच हुता, पर त्या घाबरलेल्या न्हवत्या. तुमी आज बी घाबरलाय. मग कोन हुत्या त्या?”

“ठाऊक नाही,” मी म्हणाले.

आणि खरंच ठाऊक नाही. पुष्कळ विचार करून झाला. जाऊबाई म्हणतात तसं चाचानंच आणलं असेल आणि त्याचं म्हातारपणाचं डोकं असेल. माझ्यासारखी दुसरी कोणी बाई असेल, जांभळं लुगडं काही एकटं माझंच नाही. पण मग तिला आमची आळी कशी ठाऊक? वडील असते तर म्हणाले असते, पोर घरी आली ना, मग उतरलं सगळं. कधी कधी वाटतं, मी पदराला हात घातला त्या क्षणी माझ्यातलंच कोणी तरी मला तिथं टाकून पोरीबरोबर निघून गेलं, आणि इथं राहिले ती मी ही अशी. पण हे लिहायलाही मला लाज वाटते. उलगडा म्हणून याला काही अर्थ नाही.

टांगा दाराशी थांबला. बारशाची माणसं ओट्यावर होती, भाऊजी होते, जाऊबाई मला घ्यायला पुढं आल्या. मामेसासरेही होते. मी खाली उतरले, पण आत गेले नाही.

“जाऊबाई,” मी म्हणाले, “मागच्या वेळी हे चाचा भाडं मागायला आले तेव्हा त्यांनी खरं सांगितलं होतं. आणि ताईनंही. हात तिनं सोडला नव्हता. मी सोडला होता, पदर घ्यायला.”

मला वाटलं होतं तसं आभाळ काही कोसळलं नाही. मामेसासरे खाकरले आणि दुसरीकडं बघायला लागले. भाऊजींनी ताईकडं पाहिलं, तिनं फ्रॉकचा खिसा चाचपला. जाऊबाई म्हणाल्या, “बाई गं… आणि मी त्या लेकराच्या थोबाडीत मारली!” मग चाचाकडं वळून म्हणाल्या, “चाचा, चहा घेऊन जा.”

“चा घेतो की,” चाचा म्हणाला. “पर आदी बाईचं ऐकू द्या.”

मी आजच्या भाड्याचे चार आणे त्याच्या हातावर ठेवले. ते त्यानं घेतले. मग ताईला म्हटलं, दे. स्टेशनावरच तिच्या खिशात दीड आण्याचे सहा पैसे घालून ठेवले होते. तिनं ते काढले आणि त्याच्या तळहातावर एकेक ठेवत मोठ्यानं मोजले. पाच झाल्यावर ती जरा थांबली आणि माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “सहा.” तिनं सहावा ठेवला.

चाचानं मूठ मिटली. “फिटलं, बाई. समदं फिटलं.”